दोनदा म्हटलेलं ‘हळूहळू’



आज गीतेच्या सहाव्या अध्यायातला पंचविसावा श्लोक. ध्यानाचा अध्याय आहे हा. भगवंत अर्जुनाला सांगतात की धीर धरलेल्या बुद्धीने मनाला हळूहळू, हळूहळू शांत करत न्यावं, आत्म्याच्या ठिकाणी ठेवावं आणि मग दुसरं काही चिंतू नये. श्लोक छोटा आहे, पण त्यात ‘हळूहळू’ या अर्थाचा शब्द दोनदा येतो. संस्कृतमध्ये अशी द्विरुक्ती नेहमीचीच. आपण ‘पावलोपावली’ म्हणतो, ‘थोडं थोडं’ म्हणतो, तसंच. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात गूढ काही नाही.

पण मी सध्या त्या दोन शब्दांपाशी अडकलोय, आणि त्याचं कारण ध्यान नाही, वजन आहे. हसू नका. आज जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आषाढात कंपनीची वार्षिक तपासणी झाली. वय ३४, उंची पाच फूट आठ इंच, वजन ९१ किलो. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी रक्ताची चाचणी असते, तिचा आकडा ६.१. साडेसहापासून मधुमेह धरतात, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. माझ्या बाबांना ५२ व्या वर्षी दोन स्टेंट बसले, त्यामुळे डॉक्टरांनी कागद बघून फार बोलायची गरज पडली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत, म्हणजे गणपतीतले मोदक, दिवाळीचा फराळ आणि ऑफिसमधले असंख्य वाढदिवसाचे केक पार करून, फाल्गुनात काटा ८० दाखवतोय. आठ महिन्यांत ११ किलो.

हे मी कौतुकासाठी सांगत नाहीये. सांगतोय ते वेगळ्याच कारणासाठी: हे ११ किलो मला दिसत नाहीत. आरशात तोच माणूस उभा असतो. तेच गाल, तीच हनुवटी, शर्टाच्या चौथ्या बटणापाशी तोच फुगवटा. कँटीनमध्ये दोन खुर्च्यांच्या मधून जाताना मी अजून अंग तिरकं करतो, समोरून सरळ जाण्याइतकी जागा असली तरी. दुकानात हात आपोआप एक्सएलच्या रकान्याकडे जातो. काट्यावर विश्वास आहे, मी इंजिनिअर आहे, आकड्यांशी माझं भांडण नाही. पण ‘कळणं’ आणि ‘दिसणं’ यात एवढी दरी असेल असं वाटलं नव्हतं. आणि ती दरी बघताना जपाबद्दल, पारायणाबद्दल तुमच्यापैकी कितीतरी जण मला जे विचारतात तेच डोळ्यांसमोर आलं: दादा, तीन वर्षं झाली, रोज माळ करतो, काही बदललंय असं वाटत नाही. मग चालू ठेवायचं कशाच्या भरवशावर?

प्रश्न एकच आहे. जो बदल करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही, तो झालाय हे ठरवायचं कोणी? आणि तो आपल्याला दिसावा असा हट्ट धरणं योग्य आहे का?

आधी दिसत का नाही ते बघू, कारण इथे आपल्या शास्त्रकारांनी फार बारीक विचार करून ठेवलाय. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत, अगदी सुरुवातीला, सातव्या कारिकेत, असलेली वस्तू का दिसत नाही याची आठ कारणं दिली आहेत. मला ही यादी एखाद्या ‘बग कसा शोधावा’ अशा दस्तऐवजासारखी वाटते. वस्तू दिसत नाही म्हणून ती नाहीच असा निष्कर्ष काढण्याआधी ही आठ ठिकाणं तपासा, म्हणतात. फार लांब आहे का? इंद्रियात दोष आहे का? मन जागेवर आहे का? मध्ये काही आडवं आलंय का? असं करत करत. आठही सांगत बसत नाही. माझ्या प्रकरणाला त्यातली तीन नेमकी लागू पडतात.

पहिलं, अतिजवळ असणं. गौडपादांच्या भाष्यात उदाहरण आहे डोळ्यात घातलेल्या अंजनाचं. डोळ्याने जग दिसतं, पण डोळ्यातलं काजळ त्याच डोळ्याला दिसत नाही. मी माझं तोंड रोज किमान तीनदा बघतो. दात घासताना, दाढी करताना, लिफ्टमध्ये. आठ महिन्यांत सातशेहून जास्त वेळा. प्रत्येक वेळी मी तुलना करतो ती आषाढातल्या चेहऱ्याशी नाही, काल रात्रीच्या चेहऱ्याशी. काल आणि आज यात फरक किती? ११ किलो भागिले साधारण २४० दिवस, म्हणजे दिवसाला ४५ ग्रॅम. एक लिंबू. अख्ख्या देहावर पसरलेलं एक लिंबू कमी झालेलं कुणाच्या बापाला दिसणार आहे?

दुसरं कारण सूक्ष्मता, ते यातच आलं. एकोणिसाव्या शतकात वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की आपल्याला फरक जाणवतो तो किती ग्रॅमचा आहे यावर नाही, तर मुळात हातात असलेल्याच्या किती पटीत आहे यावर. किलोभर साखरेत शंभर ग्रॅम घातली तर हाताला कळेल, दहा किलोच्या पिशवीत घातली तर नाही. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली याच अंगाने चेहऱ्यांचा अभ्यास केला होता. सरासरी उंचीच्या बाईचं वजन साधारण साडेतीन किलोने आणि पुरुषाचं चार किलोने बदललं, तर दुसऱ्याला तिच्या किंवा त्याच्या चेहऱ्यावर फरक कळतो. लक्षात घ्या, दुसऱ्याला. आणि दिसायला बरा वाटण्याइतका फरक पडायला साधारण त्याच्या दुप्पट. म्हणजे पहिले दोन महिने तर कुणीच काही म्हणत नाही, आणि नेमक्या याच दोन महिन्यांत माणसं जीमची वर्षभराची फी वाया घालवतात. जीमवाल्यांचं अर्थशास्त्र याच श्लोकावर उभं आहे असं कधी कधी वाटतं!

तिसरं कारण मला सगळ्यात आवडलं. सारख्याच वस्तूंत मिसळून जाणं. मुगाच्या राशीत एक मूग टाका, आणि आता तो शोधून दाखवा. मूग आहे, कुठे गेलेला नाही, पण राशीने गिळला. वजनाचं हेच होतं. शरीरातलं पाणी, मीठ, आतड्यातलं अन्न यामुळे माझा काटा एका दिवसात सहज किलोभर वरखाली होतो. रात्री लग्नाच्या पंगतीत बसलं की सकाळी दीड किलो जास्त, आणि ती चरबी नव्हे. दीड किलो चरबी अंगावर यायला साडेअकरा हजार कॅलरी जादा खाव्या लागतील, तेवढं बासुंदीची कढई एकट्याने संपवली तरी होईल की नाही शंका आहे. पण ४५ ग्रॅमचं खरं कमी होणं या किलोभराच्या लाटांमध्ये बुडतं. रोज काट्यावर उभं राहून माणूस लाटा मोजतो आणि त्यालाच ओहोटी समजतो, किंवा भरती. मी ॲपमध्ये सात दिवसांची सरासरी लावली तेव्हा कुठे रेष खाली जाताना दिसली. डोळ्यांना मात्र अशी सरासरी काढता येत नाही.

आता ही उपमा साधनेवर ठेवून बघा. सकाळी ट्रॅफिकमध्ये कुणीतरी आडवी गाडी घातली आणि तोंडातून शिवी गेली. लगेच मन म्हणतं, बघ, तीन वर्षं हरिपाठ आणि ही अवस्था. पण ती शिवी म्हणजे राशीतला एक मूग आहे. त्या दिवशी झोप कमी होती, रिलीज होतं, उकडत होतं. ती काट्यावरची लाट. तीन वर्षांत शिव्यांची सरासरी काय झाली, हे त्या सिग्नलवर उभं राहून कळणार नाही.

पतंजलींनी तर याहून पुढचं सांगितलंय. योगसूत्रांच्या अगदी शेवटी, चौथ्या पादातल्या शेवटून दुसऱ्या सूत्रात, ते म्हणतात की बदलाचा क्रम क्षणाक्षणाला जोडलेला असतो, पण तो ध्यानात येतो तो बदल संपताना. व्यासभाष्यातलं उदाहरण कापडाचं आहे. नवं कापड जपून ठेवलं तरी एक दिवस ते जुनं झालेलं दिसतं. ते त्या दिवशी जुनं झालं नाही. क्षणाक्षणाला जुनं होत होतं, दिसलं मात्र शेवटी. आणि गंमत बघा, या सूत्रात बदलासाठी जो शब्द आहे तो ‘परिणाम’. मराठीत आपण परिणाम म्हणजे फळ, रिझल्ट या अर्थाने वापरतो. ‘औषधाचा परिणाम दिसत नाही.’ मूळ शास्त्रात परिणाम म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं, ते चालू असणं. म्हणजे मी आरशासमोर ‘परिणाम दिसत नाही’ म्हणतो तेव्हा जुन्या अर्थाने परिणाम तर त्या क्षणीही चालूच असतो. फक्त माझ्या अर्थाचा परिणाम अजून आलेला नाही.

दोनदा आलेल्या त्या ‘हळूहळू’चा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो. टीकाकारांच्या नावावर खपवत नाही, हे माझं मनन आहे. एक हळूहळू बदलाचा, आणि दुसरा तो बदल कळण्याचा. दोन्हींचा वेग वेगळा. देह एका गतीने उतरतो आणि देहाची मनातली प्रतिमा त्याच्या मागून रेंगाळत, वाटेत चहा पीत येते. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ नोंद बदललेली असते, पण समोर येते ती जुनी साठवलेली प्रत. ती प्रत कधी ताजी होणार हे आपल्या हातात नसतं.

इथे एक हुशार आक्षेप येतो, आणि भक्तमंडळींमध्ये तो हमखास येतो. ‘अरे, आरशात तोच दिसतो हे चांगलंच आहे की! तू देह नाहीसच. दुसऱ्या अध्यायात सांगितलंय ना, बालपण, तारुण्य, म्हातारपण देहाला येतात, देही तोच राहतो. तुला आत्म्याचं न बदलणंच जाणवतंय.’ एका काकांनी मला हे फार प्रेमाने ऐकवलं. प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा वाढता वाढता.

मला हे पटत नाही. आरशात जो ‘तोच’ दिसतो तो साक्षी नाही. तो ९१ किलोचा एक विशिष्ट माणूस आहे, ज्याला शाळेत ‘ढोल्या’ म्हणायचे, जो ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभा राहतो. त्याला वजन आहे, इतिहास आहे, लाज आहे. साक्षीला यातलं काही नसतं. तेराव्या अध्यायात भगवंत क्षेत्र म्हणजे काय ते सांगतात, तेव्हा फक्त पंचमहाभूतं आणि इंद्रियं सांगून थांबत नाहीत. अहंकार, बुद्धी, इच्छा, द्वेष, सुख, दुःख, या सगळ्यांनाही त्याच शेतात घालतात. म्हणजे ‘मी जाड आहे’ ही प्रतिमासुद्धा शेतातलंच एक पीक. पाहणारा नाही, पाहिली जाणारी वस्तू. आणि वस्तू आहे म्हणजे ती चुकीची असू शकते, शिळी असू शकते, तपासता येते. अडाण्याला जशी स्वतःच्या शिळ्या प्रतिमेची मिठी असते, तशीच आपल्यालाही असते, फक्त आपण तिला ‘आत्मा’ असं मोठं नाव देतो.

हा फरक नुसता वादासाठी नाही. आमच्या टीममध्ये एक मुलगी होती, माझ्याच सुमारास तिने सुरुवात केली. ठरवलेलं वजन तिने चार महिन्यांत गाठलं. मग आणखी थोडं. मग आणखी. डब्यात काकडी आणि ताक. केस गळायला लागले, एकदा ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन बसली. आम्ही सगळे म्हणत होतो की आता पुरे, आणि ती दंडाची कातडी चिमटीत धरून दाखवायची, ‘हे काय आहे मग?’ तिला खरंच दिसत होतं ते. खोटं बोलत नव्हती. तिच्या शिळ्या प्रतिमेला अजून तिचं जुनं वजन होतं आणि ती त्या प्रतिमेला बारीक करण्यासाठी जिवंत देह झिजवत होती. प्रतिमा काही बारीक होईना, कारण ती अन्नावर जगतच नव्हती.

सतराव्या अध्यायात भगवंत फार कठोर शब्दांत बोलतात. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून जे शरीरातल्या भूतांना आणि आत बसलेल्या मलाही कष्टवतात, त्यांची निष्ठा आसुरी समज, म्हणतात. आपण हे वाचताना काट्यांवर झोपणारे बैरागी डोळ्यांसमोर आणतो. मला आता डब्यातली काकडी दिसते. आणि सहाव्या अध्यायातच, आजच्या श्लोकाच्या थोडं आधी, अति खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, असं एका दमात सांगितलंय. आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणून पहिल्या अर्ध्यावर विनोद होतात. दुसऱ्या अर्ध्यावर कुणी बोलत नाही.

म्हणून ‘बदल दिसला नाही तरी चालेल, तू करत राहा’ हा सल्ला मी अर्धाच मान्य करतो. न दिसल्यामुळे काही जण सोडून देतात, हे आपल्याला माहीत असतं. पण न दिसल्यामुळे काही जण थांबतच नाहीत, आणि ते जास्त घातक आहे. साधनेतही असे लोक मी पाहिलेत. आपण अजून तसेच पापी, तसेच नालायक, म्हणून आणखी एक उपास, आणखी दोन तास कमी झोप. घरच्यांना त्यांच्यातला गोडवा केव्हाच कळलेला असतो, त्यांना सोडून सगळ्यांना.

मग विश्वास ठेवायचा कुणावर? न्यायशास्त्राकडे जाऊ. त्यांची चार प्रमाणं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. माझ्या बाबतीत प्रत्यक्ष, म्हणजे आरसा, नापास झालाय. अनुमान चांगलं चालतं. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. अंगठी साबण न लावता निघते. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर फोनवर बोलता येतं. फेब्रुवारीतल्या रक्तात ६.१ चं ५.६ झालं. धूर आहे म्हणजे अग्नी आहे, डोळ्यांना दिसो न दिसो.

शब्दप्रमाणाची मात्र मजा आहे. शब्द प्रमाण कधी? बोलणारा ‘आप्त’ असेल तर. म्हणजे ज्याला खरं माहीत आहे आणि ज्याला ते वळवून सांगण्यात काही रस नाही. आता माझी आई. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर, ‘किती वाळलास रे! खातोस ना नीट?’ हे ती ९१ किलो असतानाही म्हणायची. आईला माहीत सगळं असतं, पण तिचा रस प्रचंड असतो. आपली भाषाच बघा ना, ‘तब्येत सुधारली’ म्हणजे माणूस जाड झाला, ‘तब्येत उतरली’ म्हणजे बारीक झाला. ज्या पिढ्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडी खाल्ली, त्यांच्या भाषेत बारीक होणं हे आजारपणच असणार. त्यात आईचा दोष नाही. ऑफिसमधले म्हणतात ‘वा, फिट दिसतोस’, पण ते शिष्टाचाराचं बोलणं. बायको रोज बघते, तिच्या डोळ्यातही तेच अंजन.

खरा आप्त मला भेटला तो गल्लीतल्या अल्टरेशनवाल्या काकांच्या रूपात. पाच पँटी घेऊन गेलो. त्यांनी मला पाहिलं नाहीच, पँट पाहिली. कंबर धरली, टेप लावली, म्हणाले, ‘चार इंच आहे. एवढं आत घेतलं तर मागचे खिसे एकमेकांना चिकटतील. दोन करून देतो, बाकीच्या नव्या शिवा.’ कौतुक नाही, काळजी नाही. ना माझ्यावर प्रेम ना माझ्याशी वैर. मला त्या दिवशी पहिल्यांदा आतून पटलं की चार इंच म्हणजे खरंच चार इंच. गुरू कसा असावा यावर आपण इतकं वाचतो. मला वाटतं गुरूचं एक काम हे असतं. आपल्या लाडाने किंवा रागाने ज्याची टेप ताणली जात नाही असा माणूस. जपाबद्दल ज्यांना शंका आहे त्यांनी आधी हे शोधावं, की आपल्या आयुष्यात असा टेप धरणारा कोणी आहे का. बहुतेक वेळा तो मंदिरात नसतो. घरी कामाला येणाऱ्या मावशी असू शकतात, जुना रूममेट असू शकतो.

अर्जुनाचा प्रश्न आठवतोय? दुसऱ्या अध्यायात तो स्थितप्रज्ञाबद्दल विचारतो, तेव्हा ‘त्याला आत कसं वाटतं’ असं विचारत नाही. तो कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो, असं विचारतो. सगळं बाहेरून दिसणारं, टेपने मोजता येणारं. भगवंतांचं उत्तर बरंचसं आतलं आहे, कामना सुटणं, दुःखात न हलणं, ते मान्य. पण प्रश्न विचारणाऱ्याची समज पक्की होती असं मला वाटतं.

आता दुसरा अर्धा प्रश्न. बदल दिसावा असं वाटणं हीच फलाशा नाही का? ‘कर्मावर अधिकार, फळावर नाही’ हे तर आपल्या तोंडपाठ आहे. मग टेप, ॲप, रक्ताची तपासणी हे सगळं बंद करायला हवं का?

इथे मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. सर्व्हरवर आम्ही चोवीस तास नजर ठेवतो, ती टाळ्यांसाठी नव्हे. कुठे काय बिघडतंय ते कळावं आणि पुढचं काम नीट व्हावं म्हणून. अशी नजर कर्माचाच भाग आहे. बाण मारून डोळे मिटणारा धनुर्धर निष्काम नसतो, बेफिकीर असतो. रक्त तपासणं, कंबर मोजणं, सहा महिन्यांनी बायकोला विचारणं की मी हल्ली जास्त चिडतो की कमी, हे मी कर्मात धरतो. फळ ते वेगळं: आरशात बघून ‘वा!’ वाटणं. ते वाटणं हे माझ्या कष्टाचं वेतन आहे असं मी धरून चालतो, आणि ते मिळालं नाही की काम बंद. दिसणं हेसुद्धा एक फळच आहे, आणि बाकीच्या फळांसारखंच ते माझ्या अधिकारात नाही. मेहनत मी केली म्हणून माझ्या मनातली जुनी प्रत ताजी व्हायलाच हवी असा कुठे करार झालेला नाही.

आणि मुळात ते ११ किलो गेले कुठे, हे कळल्यावर तर आरशाकडून माझी अपेक्षाच कमी झाली. जिममधल्या दहा जणांना विचारा, चरबी जाते कुठे? घामात, म्हणतील. ‘एनर्जी’ होते, म्हणतील. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मीरमन आणि ब्राउन यांनी हिशोब मांडला होता: १० किलो चरबी जळते तेव्हा तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर जातात, उरलेले १.६ किलो पाणी होऊन. म्हणजे माझ्यातले नऊ किलोंहून जास्त मी उच्छ्वासातून सोडले. झोपेत, मीटिंगमध्ये म्यूटवर असताना, कात्रजच्या घाटात, आरतीत. (भराभर श्वास सोडून हे होत नाही हो, कपालभातीवाल्यांनी उगाच खूश होऊ नये. आधी चरबी जळायला लागते, श्वास फक्त वाहून नेतो.) आठ महिने ती गोष्ट माझ्या नाकासमोरून जात होती, अक्षरशः, आणि मी तिला दाढीच्या आरशात शोधत होतो. पहाटे माळ घेऊन बसतो तेव्हाही प्रत्येक नामामागून थोडंसं जातंच असणार. काय काय जातं, ते सगळं काट्यावर येत नाही.

टीममधली ती मुलगी आता बरी आहे. समुपदेशन आणि आहारतज्ज्ञ असं दोन्ही चालू आहे. तिच्या आहारतज्ज्ञ बाई तिला काट्यावर पाठ फिरवून उभं करतात. आकडा त्या स्वतः लिहून घेतात, तिला सांगत नाहीत. ती म्हणाली, पहिले दोन आठवडे रडू यायचं, आकडा कळावा म्हणून जीव जायचा. आता ती उतरते, चप्पल घालते आणि विचारते, ‘ठीक?’ बाई म्हणतात, ‘ठीक.’ आणि ती घरी जाऊन वरणभात खाते, वर तूप घेऊन.

माझी कंबर ३७ इंच आहे. आपल्याकडच्या पुरुषांसाठी डॉक्टर ९० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात, म्हणजे अजून दीड इंच बाकी. ते झाल्यावर मी थांबणार आहे, आरशातला माणूस तेव्हा कसाही दिसो. हे मी इथे लिहून ठेवतोय म्हणजे तुमच्यापैकी कोणीतरी जूनच्या सुमारास विचारेल.

उद्या सव्विसावा श्लोक. चंचल मन जिथे जिथे पळेल, तिथून तिथून त्याला परत आणायचं. माझं कुठे पळणार ते आत्ताच माहीत आहे. काटा बाथरूमच्या दाराशीच ठेवलाय.

राम कृष्ण हरी.